एका अमानुष वाचकासाठी

आमच्या मित्रमंडळाच्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह संगणकावर चढल्यानंतर, त्यातील हवी ती चीज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाला हुडकून काढता यावी म्हणून माझ्या भाच्याने जे साधन तयार केले, त्याचे माहितीपत्रक लिहिण्याचा मान त्याने मला दिला, यामागे माझ्या भाषाप्रभुत्वाची कदर होती असे मी घरात सर्वांना सांगितले. लिहिण्याचा कंटाळा हे कारण तो स्वतःच सांगत हिंडत होता.

परंतु "मामा, हा वाचक पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचतो, आणि नवं संभाषण सुरू झालं की पुन्हा पहिल्यापासून वाचतो," हे त्याचे वाक्य कानी पडताच माझ्यातील लेखक जो उठून बसला, तो काही केल्या आडवा होईना. महसूल खात्यात टिपणे लिहिण्यात उभी हयात घालवलेल्या, आणि वरिष्ठांना त्यांची फक्त शेवटची ओळ वाचून सही ठोकताना पाहिलेल्या इसमास असा वाचक लाभणे हे पूर्वसुकृताचेच फळ. मी भरतमुनींपासून प्रारंभ केला. भाच्याने ती प्रस्तावना समूळ छाटली; देवनागरी मजकुराला टोकने, म्हणजे यंत्र मजकूर ज्या तुकड्यांत मोजते ते तुकडे, अधिक लागतात आणि टोकनांचे पैसे पडतात, हा त्याचा युक्तिवाद. भरतमुनींच्या जागी आता "एका वेळी दहांहून अधिक निकाल मागू नयेत" असे वाक्य विराजमान आहे.

पुढील मजकुरात मात्र माझी दफ्तरी विद्या कामास आली. नुसता 'गंधर्व' असा शब्द आल्यास, नारायणराव राजहंस उर्फ बालगंधर्व, रामभाऊ कुंदगोळकर उर्फ सवाई गंधर्व, सौदागर गोरे उर्फ छोटा गंधर्व आणि शिवपुत्र कोमकळीमठ उर्फ कुमार गंधर्व हे चार भिन्न इसम असल्याचे ध्यानी घेऊन, कोण हवा याची पृच्छा केल्याखेरीज एकाही गंधर्वास हजर करू नये. तसेच पुण्यातून कोणी 'सवाई'ची चौकशी केल्यास ती बहुधा सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटांची समजावी, असे मी कलमवार लिहून दिले. शोध निष्फळ ठरल्यास "संग्रहात नोंद नाही" एवढेच सांगावे, अंदाजाने राग व गायक यांची मोट बांधून नसलेली ध्वनिमुद्रिका असल्याचे भासवू नये, हे कलम तर मला इतके आवडले, की मैफलीत शेजारी बसून आलापाच्या दुसऱ्याच स्वराला रागाचे नाव जाहीर करणाऱ्या गृहस्थांना त्याची एक प्रत देण्याचा माझा मानस आहे.

खरा पेच पडला तो 'रागसमय' या रकान्यात. भैरवी शास्त्राने प्रातःकालची, व्यवहारात मैफलीच्या समाप्तीची, मग घड्याळात काही का वाजलेले असेना. आणि भैरवीचा विषय निघाला की मला केसरबाई केरकरांवाचून दुसरे काही सुचत नाही, सबब भाच्याने तेथे छाटलेले येथे लिहितो. १९७७ साली अमेरिकेने अंतराळात धाडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी बसवली आहे, तीत गोव्यातील केरीच्या या मानी गायिकेची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. याने निघाली ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि त्याच सप्टेंबरात बाईंनी देह ठेवला. ती भैरवी आता जेथे आहे तेथे प्रातःकाल नाही, उत्तररात्र नाही, आणि दाद द्यावयास जवळपास कोणी नाही! त्या तबकडीच्या आवरणावर सुई कोठे ठेवावी, तबकडी कोणत्या गतीने फिरवावी, हे हायड्रोजनच्या अणूतील एका स्थित्यंतराचा काळ एकक धरून केवळ आकृत्यांनी कोरलेले आहे. माझ्या वाचकाइतक्याच अमानुष वाचकासाठी तयार झालेले संगीतसंग्रहाचे इतके नेटके माहितीपत्रक मी पाहिलेले नाही. भाच्यालाही ते फार आवडले. विशेषतः त्यातील शब्दसंख्या.

मला मात्र एक गोष्ट खटकते. तबकडीवरील संगीताची जी यादी प्रसिद्ध आहे, तीत या भैरवीपुढे केसरबाईंचे नाव आहे. साथीला कोण, याचा तपशील नाही. आमच्या संग्रहातील ७८ गतीच्या तबकड्यांचीही तीच कैफियत: गायक, राग, कंपनीचा क्रमांक हे सारे लेबलावर बयाजवार, सारंगी-तबला वाजवणाऱ्यांची नावे बहुधा गैरहजर. एका बाजूला मिळणार अवघी तीन-साडेतीन मिनिटे, आणि तेवढ्यात गवयाला सुखरूप समेवर आणून सोडणारे ते हात कोणाचे, असे विचारले असता आमचे साधन 'साथसंगत' हा रकाना रिकामा परत पाठवते, आणि एजंट माझ्याच कलमाबरहुकूम "नोंद नाही" असे अदबीने कळवतो. कलम योग्यच आहे. तरीही ते उत्तर वाचून मला दर वेळी संताप येतो, आणि यंत्रावर तो काढण्याची सोय नाही, कारण ही नावे विसरण्याचे काम माणसांनी यंत्राच्या कितीतरी आधी उरकून ठेवले होते.

तरी वाचकांस विनंती की, आपल्या घरी जुन्या तबकड्या असल्यास, आणि तबल्यावर कोण बसले होते हे आठवणारे वडीलधारे माणूस सुदैवाने हयात असल्यास, ते नाव आजच विचारून तबकडीच्या पाकिटावर लिहून ठेवावे. पेन्सिलीनेच लिहावे; जुन्या कागदावर शाई फुटते.