कागदी आरमार

‘असं झालं असतं तर’वाल्या हौशी मंडळींच्या वहीत १७५६ साली पेशवे इंग्रजांना सामील होत नाहीत, विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळत नाही. पुढे १८७० पर्यंत त्याच्या चिलखती युद्धनौका होतात. चिलखत १२ इंची, तोफा फिरत्या बुरुजांत. कोळसा कुठे भरायचा, हे विचारू नये; रसभंग होतो. शिवाय शिडं हवीतच, चित्रात शोभतात.

ब्रिटिशांच्या ‘कॅप्टन’ या युद्धनौकेवर हाच थाट होता: बुरूज, उंच डोलकाठ्या आणि वजन वाढल्यामुळे ठरल्या ८ फुटांऐवजी जेमतेम साडेसहा फूट पाण्यावर उरलेला काठ. सप्टेंबर १८७० मध्ये स्पेनजवळच्या वादळात ती उलटली. कल्पना ज्यांची, ते कूपर कोल्सही बुडाले. आमचे आराखडाकार सुखरूप आहेत. सध्या चिलखत १४ इंची करताहेत.