गोधडीला ताप

"भाऊजी, दुकान आजारी पडलंय," साताऱ्याहून वहिनींचा फोन.

मला वाटलं वाळवी लागली असेल, नाहीतर पत्रा गळत असेल. पण वहिनींचं दुकान पुतण्याच्या मोबाइलमध्ये आहे. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. आळीतल्या चौघीजणी दुपारी धावदोरा घालत बसतात, पुतण्या फोटो काढतो आणि एका बड्या ऑनलाइन बाजारात चढवतो. बाजाराचं नाव सांगत नाही, दुखणं वाढायचं. तर त्या बाजाराने कळवलं होतं की तुमच्या खात्याचं आरोग्य धोक्यात आहे. शेजारी पिवळी पट्टी. पिवळं बघून वहिनींनी आधी कावीळच धरली.

असल्या दुकानांची नाडी बघतात कशी, म्हणून मी चौकशी केली. बाजार बरेच, पण पट्ट्या साधारण एकाच सुताराच्या. ॲमेझॉनची जाहीर आहे, तीच घेऊ. गुण 0 ते 1000. 200 आणि वर असाल तर हिरवे, म्हणजे निरोगी. 100 ते 199 पिवळे. 99 किंवा खाली आलात की लाल, मग कुलूप कधीही. आमच्या वेळी 35 टक्क्यांना पास करत आणि घरी तोंड लपवावं लागे; इथे 20 टक्क्यांना तब्येत ठणठणीत.

त्यातून गंमत अशी की नवं कोरं दुकान सुरूच 200 वर होतं. एक ऑर्डर नाही, एक गिऱ्हाईक नाही, तरी हिरवं. पेठेतला वाणी माशा मारत बसला की आई म्हणायची, याचं काही खरं नाही. इथे तोच वाणी निरोगी ठरला असता. माल गेला नाही म्हणजे तक्रार नाही, तक्रार नाही म्हणजे रोग नाही. मढ्याला कुठे सर्दी होते?

रोग मोजायचा तो टक्क्यांत. मागच्या काही आठवड्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या, बहुतेकदा 60 दिवसांच्या. त्यात एक-दोन तारे देणारे, पैसे परत मागून दावा ठोकणारे, कार्डाच्या बँकेकडे जाऊन व्यवहार उलटवणारे, असे सगळे सदोष ऑर्डरींत धरायचे. हे प्रमाण 1 टक्क्याच्या आत हवं. उशिरा रवाना झालेला माल 4 टक्क्यांच्या आत. दुकानदाराने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरी अडीच टक्क्यांच्या आत. ऐकायला फार न्यायाचं वाटतं. सगळ्यांना एकच फूटपट्टी.

आता ती लावून बघा. ज्याच्या 60 दिवसांत 6000 ऑर्डरी जातात, त्याने 59 माणसांना रडवलं तरी तो 1 टक्क्याच्या आत. वहिनींच्या जातात 60. त्यांच्यावर एकच बाई रुसली की झाले 1.67 टक्के. म्हणजे 59 जणांना फसवणारा पैलवान आणि एकीला नाराज करणाऱ्या वहिनी रोगी. बरं, गुण कमवावेत म्हटलं तर ॲमेझॉनच्या पट्टीत 180 दिवसांतल्या दर 200 यशस्वी ऑर्डरींमागे 4 गुण मिळतात. वहिनींच्या गतीने 180 दिवसांत होतात 180. वीस कमी पडल्या.

रुसलेली बाई कुठली ते ठाऊक नाही. तक्रार एका ओळीची: फोटोत काठ निळा होता, आला लाल. बाजाराच्या भाषेत हा मोठा गुन्हा, दाखवलं एक आणि पाठवलं दुसरं. खाली बारीक अक्षरांत पुतण्याने लिहिलं होतं की प्रत्येक गोधडी वेगळी असते. ते वाचतंय कोण? जुन्या लुगड्याची दुसरी प्रत आणायची कुठून? कोणाच्या आजीला पुन्हा तेच लुगडं तीस वर्षं नेसायला बसवायचं?

मग बाजाराने लेखी जबाब मागवला. तीन रकाने: मूळ कारण, केलेली दुरुस्ती, पुन्हा असं होऊ नये म्हणून योजना. वहिनींनी सांगितलं आणि पुतण्याने उतरवलं. मूळ कारण: लुगडं लाल होतं. दुरुस्ती: नाही, लुगडं लालच आहे. योजना: पुढचं लुगडं बघून सांगते. पुतण्याने त्याचं इंग्रजी करताना बराच शहाणपणा केला असावा, कारण चौथ्या दिवशी पट्टी हिरवी झाली. का झाली ते पिवळी झाली तेव्हा जसं कळलं नव्हतं, तसंच आताही कळलं नाही.

मी फोन केला. "वहिनी, दुकान बरं झालं म्हणे?"

"ते बरं झालं. वहीचं काय ते विचारा."

वहिनींकडे दोनशे पानी वही आहे. पुतण्याचीच, आठवीची, मागे अजून भूमितीच्या आकृत्या आहेत. त्यात किती गेल्या, किती परत आल्या, हातात किती पडले. हे तिन्ही रकाने त्या हिरव्या पट्टीत कुठेच नाहीत. बाजाराला एवढंच बघायचंय की वहिनींमुळे बाजाराचं गिऱ्हाईक चिडलं का. वहिनींची चूल पेटली का, हे त्या तपासणीत येत नाही. डॉक्टर नाडी बघतो तुमची, पण तब्येत विचारतो दवाखान्याची, तशातली गत.

वहीत वजनाचंही एक पान आहे. गोधडी काट्यावर दोन किलो भरते. पण कुरिअरच्या धंद्यात खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायची रीत आहे आणि जे वजन जास्त येईल त्याचं भाडं लावतात. खोकं 50 बाय 40 बाय 20. आले आठ किलो. म्हणजे दोन किलो गोधडी आणि सहा किलो हवा. साताऱ्याची हवा चांगली असते हे मान्य, पण तिचं भाडं वहिनींनी भरायचं, आणि परत आलेल्या गोधडीचं येताना पुन्हा एकदा.

गेल्या महिन्याचा हिशेब त्यांनी फोनवर वाचून दाखवला. गेल्या 31, परत आल्या 9. चौघींची मजुरी चुकती करायला घरातले 2200 रुपये घातले. पट्टी त्या दिवशीही हिरवीगार.

थंडी तोंडावर आहे, तुमच्यापैकी कोणी गोधडी मागवेल. पुण्याच्या वाचकांना हात जोडून सांगतो, आवडली तर "बरी आहे" म्हणून तीन तारे देऊ नका. एट्सीसारख्या बाजारात नावाजलेला विक्रेता म्हणवून घ्यायला सरासरी 4.8 लागते, तिथे आपली मोठ्यात मोठी तारीफही नापास होते. पाच द्या. आणि काठ लाल निघाला तर लालच पांघरा.