आज नको

नोकरी ही निवडायची गोष्ट असते, हे आमच्या घराण्यात कुणाला ठाऊकच नव्हतं. वडील पोस्टात गेले, पण त्यांनी काही पोस्ट निवडलं नव्हतं. पोस्टानेच त्यांच्यावर शिक्का मारला होता. मी बँकेत लागलो तो परीक्षा दिली म्हणून, आणि परीक्षा दिली ती एका मित्राला सोबत म्हणून. मित्र नापास झाला. नेमणुकीचं पत्र घरी आलं की ते आधी देवापुढे ठेवायचं, मग हळदीचं बोट लावायचं आणि सांगितलेल्या तारखेला सांगितलेल्या गावी हजर व्हायचं, एवढाच विधी आम्हाला माहीत होता. पत्राला उलटा प्रश्न विचारता येतो, किंवा दोन पत्रं समोर ठेवून त्यातलं एक परत करता येतं, हे आम्ही ऐकलं असतं तर आम्हाला तो माजच वाटला असता.

अशा घराण्यात माझ्या ताईच्या मुलीने हेलिकॉप्टर उडवण्याचा परवाना मिळवला. ताई साताऱ्याची. त्या भागात हेलिकॉप्टर म्हणजे निवडणूक. शाळेच्या मैदानावर चुन्याने मोठं वर्तुळ आखतात, त्यात इंग्रजी एच काढतात, अर्धं गाव कुंपणापाशी जमतं आणि मग आकाशातून एक नेता आणि पुष्कळ धुरळा खाली येतो. अलीकडे एखादा हौशी नवरदेवही असा येतो, आणि फेटा डोक्यावर टिकवण्यात त्याचे लग्नाचे पहिले दोन क्षण खर्ची पडतात. या यंत्रात पुढच्या बाजूला कुणीतरी बसलेलं असतं, आणि ते कुणीतरी कुणाची तरी मुलगी असू शकते, हा विचार कुंपणाबाहेरच्या गर्दीत बहुधा एका शाळकरी मुलीलाच सुचला असावा.

परवाना मिळणं हा त्या गोष्टीतला सोपा भाग. त्यासाठी उड्डाणाचे किमान १५० तास लागतात. पण तेवढ्या तासांवर आपली कोट्यवधींची वस्तू कुणाच्या हाती द्यायला मालक राजी नसतात. आपल्याकडे नागरी हेलिकॉप्टरं उडवणाऱ्यांत सैन्यातून आलेल्यांचा मोठा भरणा. चेतक हेलिकॉप्टरं उडवून मिशा पिकलेली ही माणसं. त्यांच्या शेजारी कोवळ्या मुलामुलींची लॉगबुकं जन्माच्या दाखल्यांसारखी दिसतात. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या रिंगणात भाची बरेच दिवस फिरली. या मंडळींचं सारं चलन तासांचं. आपण विचारतो, पगार किती? ते विचारतात, वर्षाला तास किती? १००० तास झाले की वरच्या परवान्याचं दार किलकिलं होतं. आयुष्य इतक्या प्रामाणिकपणे मोजणारा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही; बँकेत मी नोकरी केली ती वर्षं सगळे धरतात, पण त्यातली प्रत्यक्ष हवेत किती होतो, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि मग, पावसाच्या ढगांनी बराच वेळ चाळवावं आणि एकाच संध्याकाळी सगळ्यांनी मिळून कोसळावं, तशी तिला तीन पत्रं आली. पहिलं समुद्राचं: जुहूहून उडायचं आणि मुंबई हायच्या तेलफलाटांवर माणसं पोहोचवायची, आणायची. दुसरं हिमालयाचं: हंगामभर केदारनाथाच्या पायथ्याशी राहायचं, आधी इकडून तिकडे हेलिकॉप्टर नेण्याची कामं करायची, जुन्या वैमानिकाशेजारी बसून दऱ्या ओळखायच्या आणि पुढेमागे एकटीने यात्रेकरू न्यायचे. तिसरं होतं चार्टरचं, म्हणजे उद्योगपती आणि पुढारी यांची ने-आण. समुद्र, पर्वत आणि राजदरबार. कथेतल्या राजपुत्रापुढेसुद्धा याहून जास्त वाटा नसतात, आणि त्याला निदान वाटेत बोलणारा पोपट तरी भेटतो.

पोपटांची कमतरता आमच्याकडेही नव्हती. आजीचं मत केदारनाथाला. रोज दर्शन, तेही फुकट, आणि हंगाम संपतो भाऊबिजेला, कारण त्या दिवशी मंदिराची दारं बंद होतात. म्हणजे मुलगी सणाला चुकते, पण संपल्यावर तरी घरी येते. दाजींचं मत राजदरबाराला. मोठ्या माणसाशेजारी तासभर बसायला मिळालं तर त्यांच्या पुतण्याच्या बदलीचं काम बोलता बोलता होऊन जाईल, असा त्यांचा हिशोब. हेलिकॉप्टरात त्या आवाजात काही ऐकू येत नाही, हे त्यांना पटत नव्हतं. ताईने फक्त एकच विचारलं, यातलं सगळ्यात कमी उंचावरून कोणतं जातं? समुद्र, असं कळल्यावर ती जरा सावरली. मग म्हणाली, पाण्यात पडलं तर लागत तरी नाही. आईच्या काळजीला पदार्थविज्ञान शिकवू नये.

मुलाखतींसाठी भाची माझ्याकडे पार्ल्याला उतरली होती. आमच्या गॅलरीच्या तावदानांना जुहूच्या हेलिकॉप्टरांची इतकी सवय आहे, की रविवारी कमी फेऱ्या झाल्या तर ती आपणहून थरथरतात असा मला संशय आहे. हा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे एका इंजिनाच्या चिमुकल्या पुस मॉथमध्ये टपालाची पोती घेऊन इथेच उतरले. माझे वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हा विमानाचा उल्लेख ओझरता असे. पोती मोजून घेतली का, पावती कुणी दिली, यावर त्यांचा सगळा जीव. पुढे मोठी विमानं शेजारी सांताक्रूझला गेली, १९७४ मध्ये समुद्रात तेल सापडलं आणि सुमारे १६० किलोमीटरांवरच्या त्या लोखंडी बेटांची वेस म्हणून जुहूला नवं आयुष्य मिळालं. पोस्टमास्तरांची नात त्याच मैदानावरून उडणार, आणि टपालाऐवजी जितीजागती माणसं पोहोचवणार, वजन करून. हो, वजन करून. समुद्र असो की केदारनाथ, प्रवाशाला आधी काट्यावर उभं करतात. अनोळखी बाईमाणसाला चारचौघांत वजन विचारूनही मार न खाणारा हा जगातला दुर्मिळ पेशा.

त्या दिवसांत ती रात्री गॅलरीत बसून तीन पत्रं आलटून पालटून वाचायची. मी एकदा म्हटलं, "घाई काय आहे? तुझं यंत्र तर हवेत एका जागी थांबू शकतं. विमानाला ते जमत नाही. तूही थांब थोडी."

ती हसली. "मामा, थांबण्यालाच सगळ्यात जास्त ताकद लागते."

मग तिने समजावलं. हेलिकॉप्टर हवेत स्थिर उभं असतं तेव्हा ते पाहणाऱ्याला आळशी वाटतं. प्रत्यक्षात बेताच्या वेगाने पुढे जाताना लागते त्याहून कितीतरी जास्त शक्ती त्याला त्या थांबण्यात लागते. आपणच खाली ढकललेल्या, ढवळून निघालेल्या हवेत ते उभं असतं. उजवा हात एका दांड्यावर, डावा दुसऱ्यावर, दोन्ही पाय पेडलवर, आणि चौघांनी सतत एकमेकांच्या चुका निस्तरायच्या. जमिनीच्या अगदी जवळ असलं तर थोडं सोपं जातं, खाली ढकललेली हवा जमिनीशी अडते आणि आधार देते. वर गेलं की तो आधार नाही. आणि मग नाक किंचित खाली करून पुढे निघालं, की अमुक एका वेगाला सबंध यंत्र एकदा थरथरतं, जणू शेवटच्या क्षणी त्याचं मन कचरतं. आणि लगेच पंख्याला ताजी, न ढवळलेली हवा मिळते आणि तेवढ्याच शक्तीत ते आपोआप वर उचललं जातं. मी अनिर्णयाला आयुष्यभर विश्रांती समजत आलो होतो. तो इतका इंधनखाऊ असेल अशी कल्पना नव्हती.

या यंत्राचा जन्मच मुळी असा बिचकत झाला आहे. इगोर सिकोर्स्की यांनी १४ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेत आपलं व्हीएस-३०० पहिल्यांदा उचललं, तेव्हा ते दोरांनी जमिनीला बांधलेलं होतं, आणि हे गृहस्थ डोक्यावर हॅट घालून आत बसले होते. सुरुवातीच्या काळात ते यंत्र मागे जाई, बाजूला जाई, वर-खाली होई. सरळ पुढे जाणं तेवढं त्याला नीट जमत नसे, असं सांगतात. मला त्या यंत्राबद्दल फार आपुलकी वाटते. आमच्या घरातल्या बऱ्याच पुरुषांची चाल तीच होती, हॅट तेवढी नव्हती.

पण भाची नुसती थांबली नव्हती, ती एक प्रश्न घेऊन फिरत होती. तिन्ही ठिकाणी तिने पगार विचारला, तास विचारले, यंत्राचं प्रशिक्षण कंपनीने दिलं तर किती वर्षांचा बाँड लिहून घेणार तेही विचारलं. आणि सगळ्यात शेवटी विचारलं: तुमच्याकडे उड्डाणाला शेवटचं 'नाही' कुणी म्हटलं, आणि त्याचं पुढे काय झालं?

मला आधी तो प्रश्न उद्धट वाटला. मग ती एकेक चित्र उभं करत गेली. केदारनाथ ३,५८३ मीटरांवर. तिथली हवा मुळात विरळ. ऊन चढलं की आणखी विरळ होते आणि पंख्याच्या हाताला काही लागेनासं होतं. पायथ्याच्या फाटा गावाहून वर जायला मोजकी मिनिटं, पण दरी अरुंद, आणि ढग त्या दरीत कुणाची परवानगी न घेता शिरतात. खाली रांगेत दूरदूरहून आलेली म्हातारी माणसं, हात जोडून, थेट वैमानिकाकडे बघत. राजदरबारात रांग नसते, एकच माणूस असतो. पण त्याची पुढची सभा चार वाजता असते आणि मैदान भरलेलं असतं. दोन्हीकडे यंत्र व्यवस्थित असतं, वैमानिक हुशार असतो, आणि ओठांवर आलेला नकार समोरच्या चेहऱ्याकडे बघून गिळला जातो. "उडता सगळ्यांना येतं, मामा," ती म्हणाली, "न उडता येणं शिकायचंय."

उत्तरंही तिने मला सांगितली. एका ठिकाणी साहेब म्हणाले, आमच्याकडे अशी वेळच येत नाही. ते पत्र तिने तिथल्या तिथे मनातून फाडलं. दाजींच्या पुतण्याची बदली त्या क्षणी कायमची बारगळली. पहाडातला म्हातारा कॅप्टन बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, परवाच मी दरीच्या तोंडातून परत आलो; यात्रेकरू चिडले, त्यांना चहा पाजला, चहा संपेपर्यंत वर पाऊस लागला. हे उत्तर तिला आवडलं. समुद्राकडच्या वरिष्ठांनी सांगितलं की अर्ध्या वाटेवरून फिरलेल्या फेऱ्या नोंदल्या जातात, पण त्यासाठी कुणाला केबिनमध्ये बोलावत नाहीत. आणि तिथे दोघं असतात, उजवीकडे कॅप्टन, डावीकडे तू.

त्या डावीकडच्या खुर्चीसाठी तिने समुद्र घेतला. तास तिथे मिळणारच होते, मामाच्या घरचा डबाही. पण कारण ती खुर्ची. नकार केव्हा द्यायचा हे अजून तिला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक आहे अशा माणसाच्या शेजारी बसून ते शिकायचं होतं. डोंगर कुठे जात नाहीत, असं पहाडातल्या कॅप्टननेच तिला फोनवर सांगितलं. मी त्या रात्री माझ्या नोकरीचा विचार करत होतो. कर्जमेळाव्याला हो, बदलीला हो, रविवारच्या कामाला हो. आमच्या पिढीने होकारांवर घरं बांधली, त्यातल्याच एका खोलीत अभ्यास करून ही पोर नकार शोधायला निघाली, आणि तिच्या फीचे हप्ते त्याच होकारांतून गेले होते. तेव्हा तक्रारीला जागा नाही.

रुजू होण्याआधी तिला पोहण्याच्या तलावात एका डब्यात पट्ट्याने बांधून पाण्यात उलटं केलं. समुद्रावर उडणाऱ्या प्रत्येकाला हे शिकावं लागतं. एक हात खिडकीच्या कडेवर घट्ट ठेवायचा, सगळं फिरायचं थांबेपर्यंत काही करायचं नाही, आणि मगच पट्टा सोडून त्या हाताच्या दिशेने बाहेर पडायचं. आधी पट्टा सोडला तर वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. ही गोष्ट तिने मला सांगितली आणि ताईला सांगू नको म्हणाली. मी ताईला एवढंच सांगितलं की पोरगी पोहायला जाते. ताईला बरं वाटलं.

यंत्राची परीक्षा झाली, तिच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि मग पावसाळा लागला. अशाच एका सकाळी जुहूवर ढग पार नारळांपर्यंत उतरले होते. कॅप्टनने हवामानाचा कागद वाचला आणि काही न बोलता तो तिच्याकडे सरकवला. "तुझं काय मत?" त्यांचं मत आधीच ठरलेलं असणार, पण त्यांनी विचारलं. तिने कागद दोनदा वाचला, खिडकीबाहेर पाहिलं, फलाटावर घरी यायला निघालेल्या माणसांचा विचार केला आणि म्हणाली, "आज नको, सर." त्यांनी मान हलवली, फोन उचलला आणि तिचंच वाक्य पुढे सांगितलं.

तिने ताईला ते फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताईने आळीत कंदी पेढे वाटले. पहिल्या उड्डाणाला तिने देवापुढे साखर ठेवली होती, पेढे नव्हते. शेजारच्या काकूंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "काय, लांब कुठे उडाली वाटतं मुलगी?"

"छे हो," ताई म्हणाली, "घ्या, आणखी एक घ्या. काल नाही उडाली."