कुणापैकी तुम्ही?

शाहूपुरी ही कोल्हापुरातली आखून वसवलेली पेठ. 1895 साली शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ती उभी केली. तिच्या गल्ल्या आजही आकड्यांनीच ओळखल्या जातात. पहिली, दुसरी, तिसरी. एक्सेलच्या तक्त्यासारखा सगळा कारभार. त्यात राहणारी माणसं मात्र तक्त्यात बसत नाहीत. इथल्या जुन्या माणसाला पत्ता विचारा, तो आधी तुम्हालाच विचारतो, "कुणापैकी तुम्ही?" आणि चहा येईपर्यंत तुमची चुलत मावशी त्याच्या मेव्हण्याच्या घरात निघालेली असते.

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या भाच्यानं गणपतीच्या सुट्टीत आमची सगळी भावकी संगणकात उतरवायचं मनावर घेतलं. तक्ते नकोत म्हणाला, ग्राफ डेटाबेस हवा. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक नोड आणि प्रत्येक नातं म्हणजे दोन नोडना जोडणारी रेघ. कल्पना जुनीच आहे. ऑयलरनं 1736 साली क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं असंच, कोण कुणाला जोडलंय एवढंच बघून सोडवलं होतं. पण ऑयलरपुढं नुसते पूल होते. पुलांना माहेर नसतं.

पहिल्याच दिवशी एकाच माणसाचे तीन तीन नोड झाले. ग्राफ डेटाबेसशी बोलायच्या सायफर भाषेत 'मर्ज' नावाची आज्ञा आहे. नावावरून वाटतं, असेल तर घेईल, नसेल तर करील. पण ती दिलेला आख्खा साचा जुळतो का ते पाहते. आजोबा आहेत, नातू आहे, मधली रेघ तेवढी नाही, असं दिसलं की ती रेघ ओढून थांबत नाही. आजोबांसकट सगळं नव्यानं मांडते. उपाय सोपा आहे. आधी माणसं एकेकटी मर्ज करायची, मग रेघ. आणि त्याही आधी, एका ओळखीचा एकच नोड असा निर्बंध घालायचा.

आता ओळख म्हणजे काय? भाच्यानं नाव धरलं. चाचणीसाठी त्यानं कोल्हापूरच्या गादीची वंशावळ घेतली होती, आणि तिथं नाव धरणं म्हणजे भोवऱ्यात उडी. छत्रपती राजाराम आणि ताराबाई हे जोडपं सतराव्या शतकातलं. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज विसाव्या शतकातले, आणि त्यांच्याही राणीसाहेब ताराबाईच. नावावर मर्ज केलं की दोन्ही जोडपी एक होतात आणि मोगलांशी झुंजणारी महाराणी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात ठरते. मधे आणखी एक राजाराम महाराज आहेत, जे 1870 साली फ्लॉरेन्सला वारले. ते कुठं जाऊन चिकटतील ते विचारू नका. बरं, बडोद्याच्या या ताराबाईंचं माहेरचं नाव इंदुमती. शाहू महाराजांच्या दुसऱ्या सूनबाई सासवडच्या जगतापांच्या, माहेरच्या जमना, आणि त्या सासरी येऊन झाल्या इंदुमती. म्हणजे एका जावेचं माहेरचं नाव तेच दुसरीचं सासरचं. यात संगणकाची काय चूक?

दत्तकाचा घोळ याहून गोड. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी दत्तक आले आणि शाहू झाले. भाच्याच्या आराखड्यात माणसाला बाप एकच, म्हणून ही नोंद चुकीची ठरून बाहेर फेकली गेली. जन्माची रेघ वेगळी आणि दत्तकाची वेगळी, असे दोन प्रकार केल्यावर ती आत आली. पुढं 1947 साली देवासचे विक्रमसिंहराव पवार कोल्हापूरच्या गादीवर दत्तक येऊन शहाजी महाराज झाले. त्यांच्या मातोश्री शाहू महाराजांच्या कन्या. म्हणजे आजोळ हेच घर झालं. आमच्या आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या आत्याला, हे सांगितलं तर तिला काही विशेष वाटलं नाही. "मग? आपल्यात बी हाईत की तसं."

आहेतच. आणि अशाच नात्यांनी मशीन बंद पाडलं. "या माणसापासून त्या माणसापर्यंतचे सगळे रस्ते दाखव" असं भाच्यानं विचारलं, लांबीची मर्यादा न घालता. सायफर एका रस्त्यात तीच रेघ दोनदा चालत नाही, त्यामुळं ते अनंत काळ फिरत राहत नाही. पण रस्तेच इतके निघाले की मेमरी संपली. कारण आमच्याकडं मामाची मुलगी करायची रीत. इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या 1953 सालच्या इंग्रजी ग्रंथात या रीतीचा विचार केलेला आहे. दर पिढीत एखादं असं लग्न झालं की झाडाचं जाळं होतं, आणि प्रत्येक पावलागणिक रस्ते दुपटी-तिपटीनं वाढतात. यावर उपाय दोन. पावलांना मर्यादा घालायची, किंवा फक्त सर्वांत जवळचं नातं मागायचं. आक्का दुसरा मार्ग वापरते. तिला सोयरीक सांगायला सांगा, ती कधी सगळे रस्ते सांगत बसत नाही.

क्वेरी हळू चालते ही तक्रार वेगळी. ग्राफमध्ये एका नोडवरून दुसऱ्यावर जाणं झटपट होतं, वेळ जातो तो पहिला नोड सापडायला. इंडेक्स नसेल तर यंत्र सगळ्या माणसांचे चेहरे एकेक करून बघतं. 'एक्सप्लेन' म्हटलं की क्वेरी न चालवता ते बेत सांगतं, 'प्रोफाइल' म्हटलं की चालवून कष्ट मोजून दाखवतं. आणि शोधाची सुरुवात 'पाटील' या आडनावापासून तर मुळीच करू नये. भाच्यानं आडनावाचा वेगळा नोड केला होता. त्यावर एवढ्या रेघा आल्या, की पाटलांच्या घरात शिरलेली क्वेरी जेवल्याशिवाय बाहेर येईना.

सर्वांत वाईट चूक मात्र गप्प बसणारी. रेघेला दिशा असते. बाण उलटा काढला, तर यंत्र ओरडत नाही. शांतपणे शून्य ओळी देतं. त्यावरून मंडळींत थोडा वेळ अशी समजूत झाली, की आमच्या पणजोबांना मूलबाळच नव्हतं. समोर पंगतीत चाळीसेक माणसं बसली होती.

शेवटी जमिनीच्या वादात असलेल्या एका चुलत्यांचा नोड काढून टाकावा अशी सूचना आली. नेहमीची आज्ञा दिली तर डेटाबेसनं साफ नकार दिला. नाती शिल्लक असतील तर माणूस पुसता येत नाही. 'डिटॅच डिलीट' म्हणून जबरदस्तीचा मार्ग आहे, पण तो वापरायला आक्कानं परवानगी दिली नाही. चुलते अजून जाळ्यात आहेत, वादही चालू आहे.

तुम्हीही हे काम काढणार असाल तर आधी वही घेऊन घरातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसा. प्रत्येकीचं माहेरचं नाव, गाव आणि जन्मसाल लिहून घ्या, निर्बंध घाला आणि मगच संगणक उघडा. पुरुषांना विचारू नका. आमच्यातल्या एकालाही स्वतःच्या आजीचं माहेरचं नाव सांगता आलं नाही.