सतरा सीटांत पस्तीस माणसं बसवणाऱ्या गाडीमालकास

श्री. गाडीमालक,

जत्रेचा हंगाम आला की तुमचा फोन दिवसभर वाजतो. ‘किती माणसं?’ असं तुम्ही विचारता, पण त्या आकड्यावरून ठरतं ते फक्त भाडं. पंचवीस म्हटले तरी गाडी तीच, पस्तीस म्हटले तरी तीच टेम्पो ट्रॅव्हलर. मधल्या वाटेत प्लास्टिकची स्टुलं, पोरं मांडीवर, टपावरच्या कॅरिअरवर भांडी, शेगडी आणि तांदळाची पोती. कुणी कुरकुर केली की तुमचं पालुपद ठरलेलं: ‘अ‍ॅडजस्ट करून घ्या, रात्रीचा तर प्रवास.’

१५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ अशीच एक गाडी ट्रकवर मागून आदळली. सैलानी बाबांचं दर्शन घेऊन नाशिककडे परतणारी माणसं होती. गाडीची क्षमता सतरा, आत पस्तीस. बारा जण गेले. ट्रक महामार्गावर थांबवल्याच्या आरोपावरून आरटीओच्या दोघांना अटक झाली. त्यांचा जाब त्यांच्याकडे. ती गाडी तुमची नव्हती, हे मला माहीत आहे. पण ते अठरा जादा जीव ज्या हिशेबाने गाडीत मावले, तो हिशेब तुमचाही आहे.

तोच हिशेब आता वजनात मांडा. माणशी साठ किलो धरले, तरी अठरा माणसांचे हजार किलोंच्या वर जातात. ब्रेक तेच, टायर तेच, तेही कित्येकदा झिजून गुळगुळीत झालेले. ताशी ऐंशीच्या वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. एवढ्या ओझ्याची गाडी कुठे थांबेल, ते तुमच्या ड्रायव्हरला सांगता येईल? तोही काल दुसरं भाडं मारून आलेला, नीट झोपही न झालेला. आणि टपावरच्या पोत्यांनी गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, मग वळणावर ती कलंडायला निमित्त लागत नाही.

अमेरिकेत पंधरा सीटांच्या व्हॅन होत्या. तिथल्या रस्ते सुरक्षा विभागाने २००१ मध्ये जाहीर इशारा दिला: दहा किंवा अधिक माणसं बसली की अपघातात व्हॅन उलटण्याचं प्रमाण कमी भरलेल्या व्हॅनच्या जवळपास तिप्पट होतं. नीट वाचा. तिथे सगळ्या सीट भरण्याआधीच धोका एवढा वाढला. तुम्ही तर सीटांच्या दुप्पट माणसं कोंबता.

अठराव्या माणसाला तुम्ही नेमकं विकता तरी काय? सीट नाही, म्हणजे पट्टाही नाही. गाडी आदळली की स्टुलावरचा माणूस पुढच्यांवर फेकला जातो, आणि पट्टा लावून बसलेल्याचाही जीव त्याच्यामुळे धोक्यात येतो. पैसे मात्र तुम्ही दोघांकडून घेतलेले असतात.

दंडाची तुम्हाला भीती नाही, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एखाली तो जादा माणशी २०० रुपये, म्हणजे अठरांचे ३,६००. तो तुम्ही भाड्यातच धरून ठेवता. त्याच कलमात पुढे लिहिलंय की जादा प्रवासी उतरवून त्यांची दुसरी सोय झाल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही. नाक्यावर एवढं जरी दर वेळी पाळलं गेलं, तरी तुमचा धंदा महिन्याभरात बदलेल.

‘लोकच म्हणतात, कसंही बसू’ हे उत्तर मला देऊ नका. वर्षातून एकदा दर्शनाला निघालेल्या मजूर बायांना दोन गाड्यांचं भाडं परवडत नाही, म्हणून त्या तसं म्हणतात. ब्रेक कधी बदलले, टायर किती जुने, हे त्यांना ठाऊक नसतं. तुम्हाला असतं.

येत्या पौर्णिमेला आरसी बुकातला आकडा भरला की दार लावा. पुढच्याला सांगा, दुसरी गाडी लागेल. त्यापायी ते भाडं हातचं गेलं, तर जाऊ द्या.

तुमच्या गाड्यांमागून रोज जाणारा एक प्रवासी