फ्लॅककाका

गाणारे आपल्याकडं पहिल्यापासून आहेत, ऐकणारेही आहेत. गेल्या वीसेक वर्षांत त्यात तिसरा प्रकार निपजला. हा गाणं इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावी असा एक तरी सापडतोच. परभणीत तो वसमत रोडच्या एखाद्या गल्लीत राहतो, पेन्शनीत निघालेला असतो, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता सगळं गाव ओला टॉवेल डोक्यावर घेऊन निपचित पडलेलं असताना हा कूलर कॉम्प्युटरकडं फिरवून बसलेला असतो. बायकोनं विचारलं तर म्हणतो, "मशीन तापायलंय."

गल्लीतली पोरं त्याला फ्लॅककाका म्हणतात. फ्लॅक म्हणजे आवाजाची फाईल दाबून लहान करायची, पण त्यातला कणही टाकायचा नाही, अशी रीत. एमपी३ मध्ये आपल्या कानाला सहसा न कळणारं काढून टाकतात. काकांचा सगळा राग त्या काढून टाकलेल्यावर. "अरे, तासाभराचा ख्याल अठ्ठावन्न एमबीत बसवतेत! कोंबडीच्या खुराड्यात हत्ती!" त्यांच्या फ्लॅकला तोच तास तीनशेच्या आसपास लागतो. घरी पाहुणा आला की पाण्याच्या आधी प्रश्न येतो, "तुमच्याकडचे मन्सूर किती केबीपीएसचे?" मल्लिकार्जुन मन्सूर १९९२ साली गेले. आपल्यामागं आपली मोजणी अशी होणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

फुकट म्हणजे चोरीचं नव्हे, हे मात्र काका ठासून सांगतात, आणि त्यांचा तो अभ्यास खरा आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं चालतो, तीही प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. म्हणून जग एकतीस डिसेंबरला जागतं ते जुन्या वर्षाला निरोप द्यायला, आणि काका जागतात ते १९६५ च्या तबकड्या मोकळ्या व्हायची वाट बघत. १ जानेवारी २०२६ ला पहाटे त्यांनी आम्हाला पेढे दिले. कशाचे ते विचारल्यावर म्हणाले, "सुटले सगळे." शेजारच्यांना वाटलं, घरातलं कुणी हर्सूलच्या जेलातून आलं.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३४-३६ मधल्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या तर कधीच्याच मोकळ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हवर लोकांनी अशा जुन्या तबकड्या रीतसर चढवून ठेवल्यात. तिथनं काकांनी खाँसाहेबांची झिंझोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन' अकरा वेळा उतरवलीय. अकरा का? तर एकीत खरखर कमी आहे पण आवाज दबलाय, दुसरीत आवाज मोकळा आहे पण वेग चुकलाय, तिसरीत कुणीतरी खरखर पुसता पुसता तंबोराही पुसून टाकलाय. हे ऐकून कळतं असं नाही हं. काका गाणं बघतात.

त्यासाठी एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. फाईल टाकली की रंगीत चित्र निघतं. वर सोळा हजार हर्ट्झला सुरीनं कापल्यासारखी काळी रेघ दिसली, की काका खुर्चीतून उठतात. "बघ! एमपी३ आहे हा. सोवळं नेसून फ्लॅकच्या पंगतीला बसलाय!" फाईल त्याच क्षणी डिलीट. वाजवून बघायची पद्धत नाही. मी एकदा धाडस करून म्हणालो की काका, चौसष्टाव्या वर्षी माणसाला बारा हजाराच्या वरचं फारसं ऐकू येत नाही म्हणे. आणि १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोनच नव्हता, गायक कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या तबकडीत वरचं काही उतरलेलंच नाही. तर ते चोवीस बिटांत घेऊन करायचं काय? काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेव्हाची शांतता तरी पूर्ण पाहिजे का नाही?"

भास्करबुवा बखल्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही, हे संगीतातल्या कुणालाही ठाऊक आहे. काकांना ती फ्लॅकमध्ये हवी आहे.

गंमत म्हणजे या माणसाला गाण्याचं वेड लागलं ते रेडिओवर. शनिवारी रात्री आकाशवाणीची राष्ट्रीय संगीत सभा असायची, १९५२ पासूनची. मीडियम वेव्हवर धड पाच हजार हर्ट्झसुद्धा येत नाहीत. त्यात पावसाळ्यात वीज कडाडली की तिहाईच्या ऐन समेवर खर्रर्र. परभणी केंद्राच्या १३०५ वर काटा ठेवून, सेट भिंतीला टेकवून, एक हात एरियलला धरून हा पोरगा उभ्यानं बडा ख्याल ऐकायचा, संपूर्ण. हे मला काकूंनी सांगितलं. काका तो काळ सांगताना 'सिग्नल फार वाईट होता' एवढंच सांगतात.

आता त्यांच्याकडं चार टेराबाइट भरलेत. मी हिशेब करून दिला : साधारण तेरा हजार तास, रोज दोन तास ऐकलं तर अठरा वर्षं. काकांच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं वय आठवलं. ते म्हणाले, "म्हणजे बॅकअपला आणखी एक चार टीबी लागंल."

ऐकायला वेळ कुठंय? नवी फाईल आली की सुरुवात लावायची, तंबोरा जुळला, आवाज लागला, चाळीसेक सेकंदांत 'क्वालिटी ओके' आणि बंद. पुढची. असं बारा वर्षं चाललंय. एकाच घरात राहायचं म्हटल्यावर काकूंच्याही कानावर ते पडणारच. पोळ्या लाटता लाटता त्या पहिल्या दोन सुरांवर सांगतात, "बिहाग आहे हो," आणि चुकत नाहीत.

परवा लाईट गेली होती. नात रडायली म्हणून काकूंनी तिला मांडीवर घेतलं आणि झिंझोटी गुणगुणायला लागल्या. आवाज काय लागला होता! काका अंधारात माऊस धरून तसेच बसून राहिले. मीही जिन्यात थांबलो. चाळीस सेकंदं झाली आणि काकू थांबल्या.

"आज्जी, पुढं?" नातीनं विचारलं.

काकूंनी काकांकडं पाहिलं. "अहो, पुढं काय असतं?"

काका म्हणाले, "लाईट येऊ दे. अकरा आहेत आपल्याकडं."