सरकारमान्य घरजावई

सकाळी सहाला जटपुरा गेटाकडून अर्ध्या चड्डीतला, लालबुंद गुडघ्यांचा गोरा म्हातारा येताना दिसला, तर तो पर्यटक नव्हे हे ओळखणं सोपं आहे. पर्यटक या वेळी ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर जिप्सीत बसलेला असतो. याच्या हातात दुधाच्या पिशव्या असतात. शिवाय पानठेल्यावरून याला हाक येते, "काय जवाईबापू, आज उशीर झाला जी!"

बायकोच्या गावी येऊन राहिलेला हा परदेशी पेन्शनर. असे नग चंद्रपुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. आमच्या शेजारचा इंग्रज आहे. उभा जन्म तिकडे रेल्वेचे सिग्नल सांभाळले. बायको पठाणपुऱ्याची. ती तिकडे नर्स होती, लग्न तिकडेच झालं, पासपोर्टही तिकडचा झाला. निवृत्त झाल्यावर तिला अंबाडीची भाजी आणि आई आठवू लागली, बहुधा याच क्रमाने. ती निघाली, तो मागोमाग आला.

घरजावयाला आपल्याकडे कधीच मान नव्हता. पण याच्या घरजावईपणावर भारत सरकारचा शिक्का आहे, आणि तो शिक्का मिळवण्याची कथा तो कोणालाही, न विचारता, पहिल्यापासून सांगतो.

थायलंडात, तो सांगतो, पन्नाशी उलटलेल्या माणसानं बँकेत 8 लाख बाथ ठेवून दाखवले की निवृत्तांचा मुक्काम मंजूर होतो. बायको थाई असेल तर 4 लाखांत भागतं. "बायको म्हणजे अर्ध्या किमतीची सूट!" असं म्हणून तो स्वतःच हसतो. भारतात मात्र निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. इथं बँकेचं पासबुक कोणी मागत नाही. बायको दाखवा.

सुरुवातीला तो बायकोच्या जोरावर एंट्री व्हिसावर आला. मुक्काम 180 दिवसांहून जास्त, म्हणून आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी परदेशी नागरिकांची नोंदणी म्हणजे पोलीस अधीक्षकांचं कार्यालय. सासरी पाय ठेवून आठवडा होत नाही तो जवाई एसपी ऑफिसात जाताना गल्लीनं पाहिला. परतताना समोरच्या काकांनी अत्यंत आपुलकीनं विचारलं, "सोडलं का जी?"

पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्टवर इथं आयुष्यभर राहण्याचा परवाना. बायकोकडे तिच्या जन्माच्या हक्काचं होतंच; याला लग्नाच्या हक्कानं मिळणार होतं. अट एवढीच की लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाआधी किमान 2 वर्षं सलग टिकलेलं हवं. याचं पस्तीस वर्षं टिकलेलं. तरी चौकशीला आलेल्या हवालदारानं शेजारी गाठले: दोघं खरोखर एकत्र राहतात का? शेजारीणबाईंनी निर्वाळा दिला, "रोज भांडतेत जी. नवरा-बायकोच होत."

कार्ड आलं आणि माणूस पालटला. रामाळा तलावाजवळ संध्याकाळी बसणाऱ्या पेन्शनरांत, वेकोलिच्या कोळसा खाणींतून आणि वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या साहेब लोकांत, तो कायदेपंडित झाला. या मंडळींची मुलं टेक्सास नाहीतर न्यू जर्सीत. त्यांचं सगळं आयुष्य सहा महिन्यांच्या हिशेबानं चालतं: अमेरिकेत उतरताना विमानतळावर किती मुक्काम दिला, वाढवून मिळेल का, सुनेचं बाळंतपण त्यात बसेल का. त्यांच्या मधोमध बसून हा शांतपणे म्हणतो, "माझं लाइफटाइम आहे." मराठीत म्हणतो. त्या एका वाक्यापायी दोन-तीन जण त्याच्याशी आठवडाभर बोलत नाहीत.

पण कार्डाचं खरं सुख त्याला ताडोब्यात लाभलं. राष्ट्रीय उद्यानात ओसीआयवाल्याला भारतीयांच्याच दरानं प्रवेश, असा केंद्राचा 4 मार्च 2021 चा आदेश आहे. त्याची घडी घातलेली प्रत हा खिशात ठेवतो. तिकिटाच्या खिडकीवर कोणी त्याच्या रंगाकडे पाहून 'फॉरेनर' म्हणालं रे म्हणालं, की चष्मा चढतो, घडी उलगडते, आणि मागच्या जिप्सीतले मुंबईकर घड्याळं पाहू लागतात. वाघ दिसला नाही तरी चालतो. तिकिटाची पावती मात्र तो सासूबाईंना दाखवतो.

मत देता येत नाही, सरकारी नोकरी नाही. या दोन्हींचं त्याला दुःख नाही. दुःख शेतीचं. आरमोरीकडे साळ्याच्या धानाच्या बांध्या आहेत. पावसाळ्यात रोवणीला हा धुऱ्यावर छत्री धरून बसतो, बायांच्या गाण्यांना मान हलवतो, आणि दरवर्षी नव्यानं त्याला दोन एकर घ्यावीशी वाटते. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. "ताईच्या नावानं घ्या न मग," कोणीतरी सुचवतं. पण कागदावर ताईही परदेशीच. पठाणपुऱ्यात जन्मली तरी. वारशानं आलेली तेवढी चालते. हे त्यानं जेवताना सहज, ज्ञान म्हणून सांगितलं, आणि त्याच रात्री साळ्यानं आईच्या कपाटाची किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधली.

दुसरं दुःख पेन्शनचं. ब्रिटनची सरकारी पेन्शन तिकडे दरवर्षी वाढते. पेन्शनर अमेरिकेत राहायला गेला तरी वाढते. भारतात आला की आहे त्या आकड्यावर गोठते. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा 47 वर असताना, घामानं निथळत कूलरमध्ये बादल्या ओतत तो ओरडतो, "इथं फक्त माझी पेन्शन गोठते!"

बादल्या तोच ओततो. कारण कोर्टातून काडीमोड झाला तर लग्नाच्या नात्यानं मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं, हे कलम ताईनं एकदा वाचलं आहे. ती त्याचा उल्लेख कधी करत नाही. नुसतं कूलरकडे पाहते.

मागं त्याचा पासपोर्ट नवा आला. तो आणि फोटो ओसीआयच्या वेबसाइटवर चढवायचा असतो. लग्नाच्या नात्यानं कार्ड मिळालेल्यांना त्यासोबत एक घोषणापत्रही द्यावं लागतं, की लग्न अजून अस्तित्वात आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरानं फॉर्म वाचला, खर्रा गालात सरकवला आणि विचारलं, "लग्न चालू हाय, असंच लिहू का जी?"

इंग्रज माणूस, खोटं प्रतिज्ञापत्र नको म्हणून त्यानं घरी फोन लावला आणि विचारलं.

उत्तर साऱ्या दुकानाला ऐकू आलं. "येताना सांबाराची जुडी आणजा. अन् मागच्यासारखी पिवळी नका आणू, डोळे उघडे ठेवून घ्या!"

"चालू हाय," पोरगं म्हणालं, आणि टाइप करू लागलं.